फळ्यावरची नऊ वाक्यं

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. परळच्या एका चाळीत, कोंडीराम सरांच्या खोलीत टांगलेला. अंगाला दोन तडे गेलेत, पण खोड काही जात नाही. बोलायला लागलो की थांबत नाही.

गुणाजी सुतारानं मला गिरणीतल्या खोक्यांच्या फळ्या जोडून केलं. दर जूनला मला काळा रंग मिळायचा. सर शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि संध्याकाळी याच खोलीत शिकवणी घ्यायचे. इंग्रजीत सहसा वस्तू आधी येते, मग क्रियापद, जागा शेवटी. पण जागेला पहिला मान दिला, की क्रियापद वस्तूच्या पुढे येऊन उभं राहतं. पोरं गोंधळायची. सर म्हणायचे, "वरात बघितली ना? नाचणारे पुढे, नवरा मागून."

चित्रं आणायला पैसे कुठले? सरांनी उदाहरणं समोरच्या स्वयंपाकाच्या ओट्यावरूनच उचलली आणि माझ्या माथ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नऊ वाक्यं कायमची लिहिली. 'बिसाइड द स्टोव्ह लाइज द मॅचबॉक्स', म्हणजे शेगडीशेजारी काडेपेटी. 'ऑन द थर्ड हुक हँग्ज द कप', तिसऱ्या खिळ्याला कप. शेवटचं माझं, 'बिलो द ब्लॅकबोर्ड लाइज द चॉक', फळ्याखाली खडू. पोरं ती चालीवर म्हणायची. एक सरांचा पुतण्या राजरत्न तेवढा कुरकुरायचा, सरळ सांगायचं सोडून उलटं कशाला? त्याला नऊतलं एक पाठ झालं असेल तर शपथ!

मग शिकवण्या क्लासवाल्यांकडे गेल्या. माझ्यावर धूळ बसली, कोपऱ्यावर पिशव्या लटकल्या. आणि सरांचे डोळे काचबिंदूनं नेले. मला फार वाईट वाटलं हो. ज्या माणसानं मला एवढं वाचलं, त्यालाच मी दिसेना.

गेल्या महिन्यात दुसऱ्या बर्नरसाठी काडेपेटी चाचपताना पेटत्या बर्नरवर सरांच्या सदऱ्याची बाही पेटली. शेजारच्या संघमित्रानं धावत येऊन विझवली. राजरत्न हादरला. माणूस वाईट नाही, पण भित्रा. बदलापूरच्या वृद्धाश्रमात त्यानं जागा बघितली. सर म्हणाले, मी इथंच राहणार. शेवटी ठरलं, रविवारी सरांनी एकट्यानं चहा करून दाखवायचा. जमलं नाही तर सोमवारी बॅग उचलायची.

संघमित्रा माझीच विद्यार्थिनी. ती माझ्यासमोर उभी राहिली, नऊ वाक्यं वाचली आणि तीस वर्षांत इकडची तिकडे झालेली एकेक वस्तू वाक्यातल्या जागी नेऊन ठेवली. सर वाक्य पुटपुटायचे आणि हात पुढे करायचे. जागा आधी, मग वस्तू. आठवडाभर एकदाही चुकले नाहीत.

रविवारी राजरत्न आला. सवयीनं त्यानं बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि खुर्चीत बसता बसता काडेपेटी माझ्या खडूच्या पट्टीवर ठेवली. त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी मात्र गारठलोच.

सरांनी पातेलं घेतलं, पाणी ओतलं, चहाचा डबा काढला. मग ओठ हलले, 'बिसाइड द स्टोव्ह...' हात शेगडीशेजारी गेला. रिकामा ओटा. हात पुन्हा फिरला. पुन्हा रिकामा. दारातल्या संघमित्रानं तोंड उघडलं, तर राजरत्ननं हात वर करून तिला गप्प केलं. माझ्या पायाशी काडेपेटी, आणि मला मेल्याला वाचा नाही!

सर थांबले. गॅसच्या बटणाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

"जागा बरोबर आहे," ते म्हणाले. "वस्तू कुणीतरी हलवलीय."

त्यांनी श्वास घेतला. मेणबत्तीचा वास येत होता. तसबीर आणि खुर्ची यांच्या मध्ये काय आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भिंतीला हात लावत ते सावकाश माझ्यापर्यंत आले. 'बिलो द ब्लॅकबोर्ड...' बोटांना आधी खडू लागला, मग काडेपेटी. ती तळहाताखाली धरून सर क्षणभर मला टेकून उभे राहिले. राजरत्ननं कपाळावर हात मारला. चूक कुणाची, हे त्याला आत्ता कळलं.

चहा झाला. राजरत्ननं कप विसळला आणि तसाच हातात धरून उभा राहिला.

"काका, कुठे ठेवू?"

"वाक्य म्हण," सर म्हणाले.

सत्तेचाळीस वर्षांच्या त्या बाप्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि अडखळत वाचलं, "ऑन द थर्ड हुक हँग्ज द कप." मग खिळे मोजून कप तिसऱ्याला अडकवला. बॅग कॉटखालीच राहिली.

मित्रांनो, घरात कुणाला दिसत नसेल, तर उचललेली वस्तू जिथली तिथे ठेवत जा. तेवढ्यावर एखाद्याचं घर टिकतं. आणि माझ्यावर खाली हवं ते लिहा, पुसा. वरच्या नऊ ओळींना मात्र कुणी ओलं फडकं लावायचं नाही.