तिला चालतं

शनिवारी दुपारी माझ्या भाचीच्या, तोरिकाच्या, व्हरांड्यात जेवायला येणाऱ्या पाहुण्यांना एक गोष्ट कधीच उमगत नसे. टेबलाच्या एका बाजूला माझा भाऊ साकिउसा बसायचा, त्याच्या बरोबर समोर वाइसेआ. ताटातलं डुक्कर माझ्या भावाच्या मळ्यातलं, मासा वाइसेआच्या होडीतला. आणि माझा भाऊ खायचा मासा, वाइसेआ खायचा डुक्कर. आपलं आपण कोणीच खात नसे. काही पाहुण्यांना वाटायचं, म्हातारे विसरभोळे आहेत, ताटांची अदलाबदल झाली असेल. एका बाईने तर बिचारीने उठून ती नीट लावून दिली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसायचे, पण समजावून सांगणं माझ्या जिवावर यायचं. चार तासांसाठी आलेल्या माणसाला काय काय सांगायचं?

आमच्या बेटावर हे कोणाला सांगावं लागत नसे. गावात माणसं दोन प्रकारची, जमिनीची आणि समुद्राची. आम्ही जमिनीचे, वाइसेआचं घराणं समुद्राचं. एकत्र पंगत बसली की जमिनीच्या माणसाने समुद्राच्या माणसासमोर डुकराला हात लावायचा नाही, आणि त्यांनी आमच्यासमोर माशाला. आपल्याकडचं चांगलं ते समोरच्याला द्यायचं. घरी आपापल्या चुलीपाशी कोण काय खातं, ते कोणी विचारत नाही. पण पंगतीत कोणी चुकला, तर समोरच्याने त्याच्या पुढ्यातलं ताट सरळ ओढून घ्यायचं आणि त्याच्या देखत फस्त करायचं. ज्याचं ताट गेलं त्याने रागवायचं नाही. रागावला तर लोक जास्तच हसतात.

चर्चचं नवं छप्पर झालं तेव्हाची पंगत मला अजून दिसते. नारळाच्या झावळ्या अंथरलेल्या, खड्ड्यातले तापलेले दगड बाजूला केलेले, आणि केळीच्या पानांतून वाफ निघते आहे. डुक्कर आमच्या वडिलांनी दिलेलं. त्याची कुरकुरीत कातडी मला हवी होती, आणि ती गेली वाइसेआच्या पानात. तो तेव्हा माझ्याच एवढा, पुढचे दोन दात पडलेला. तरी मेला मला दाखवून दाखवून, कडकड आवाज करत खात होता. मी भोकाड पसरलं. माझा भाऊ शेजारीच बसला होता. तो हळूच म्हणाला, "रडू नकोस, उला. आपल्याला मनाई आहे म्हणजे आपण घरचे. पाहुण्यांना कोणी मनाई करत नाही." दहा वर्षांचा पोरगा होता तो. हे त्याला कोणी शिकवलं, देव जाणे. तो खड्ड्याचा वास, ओल्या पानांचा आणि धुराचा, मला इथे लेवुकात कधीकधी उगाच येतो, बाजार उठल्यावर, रस्ता रिकामा असताना.

पुढे आम्ही तिघंही बेट सोडून लेवुकाच्या बंदरगावी आलो. मी मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात लागले, वाइसेआने होडी घेतली, भावाने मागच्या टेकडीवर मळा केला. दालोचे कंद, केळी, डुकरं. रविवारी चर्चनंतर माझ्याकडे जेवण, आणि जेवताना त्या दोघांचं एकमेकांना टोचणं. सोयरीक नसली तरी जमिनीची आणि समुद्राची माणसं एकमेकांना मेव्हणाच म्हणतात, आणि त्यांची पोरं मामा.

"मेव्हण्या, तुझं डुक्कर या खेपेला वातड आहे. काय, उपाशी मारलंस की काय त्याला?"

"मग ठेव ते खाली. तुझा मासा तरी कुठे ताजा आहे? माझ्याच वयाचा दिसतोय."

भावाची बायको लेवुकाला कंटाळली आणि सात वर्षांच्या तोरिकाला घेऊन ऑकलंडला निघून गेली. भाऊ धक्क्यावर बोट दिसेनाशी होईपर्यंत उभा होता. त्यानंतर कोणी ऑकलंडहून आलं की एवढंच विचारायचा, तिकडे थंडी फार असते का.

तोरिका परत आली ती पस्तिशीची होऊन, मोठमोठ्या रेस्टॉरंटांमध्ये स्वयंपाक करून. समुद्राकाठच्या रस्त्यावरच्या जुन्या लाकडी दुकानाचा व्हरांडा तिने भाड्याने घेतला. म्हणाली, "आत्या, इथे जे पिकतं आणि इथे जे जाळ्यात येतं, तेवढंच ताटात. आणि ज्याने पिकवलं, ज्याने पकडलं, तो पाहुण्यांच्या शेजारी बसून जेवणार. आजकाल लोक यासाठी देश ओलांडून येतात."

"आम्ही जन्मभर दुसरं काय केलं?" मी म्हटलं. "फक्त टेबल नव्हतं."

पहिल्या शनिवारी ती स्वतःही जेवायला बसली. अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली, दालोचे कंद, लिंबाच्या रसात मुरवलेली सुरमई आणि खड्ड्यात भाजलेलं डुक्कर. तिने डुकराचा चांगला मोठा तुकडा आपल्या ताटात घेतला, वाइसेआच्या अगदी समोर. भावाचा घास हातातच राहिला. वाइसेआने तिच्याकडे बघितलं, हसला आणि म्हणाला, "असू दे, असू दे. तिला चालतं. ती ऑकलंडची."

सगळे पुन्हा जेवायला लागले. भावाचा चेहरा मात्र पडला. संध्याकाळी त्याला मळ्याच्या वाटेपर्यंत सोडायला गेले, तेव्हा तो म्हणाला, "पाहुण्यांनाच चालतं ना गं?"

"अरे, प्रेमाने बोलला तो."

"प्रेमानेच बोलला. म्हणून तर लागलं."

"मग मी सांगते तोरिकाला, पाळ म्हणून."

"नको. सांगून पाळलं तर तेही पाहुणीनेच पाळलेलं होईल." आणि त्याने मला शपथच घातली. एवढा मोठा झाला, पण हट्ट सुटला नाही. त्याला पोर परत मिळाली होती आणि मिळालीही नव्हती, आणि हे तो कोणाला सांगणार?

मग ब्रॉन्विन आली. ही सिडनीची बाई, खाण्यापिण्यासाठी फिरणाऱ्या लोकांचे गट घेऊन बेटाबेटांवर जाते. तिला आवडलं तर कोरड्या दिवसांत दर आठवड्याला गट येणार, नाही आवडलं तर तोरिकाला गाशा गुंडाळावा लागणार. तोरिकाने ते आमच्यापासून लपवलं नाही. ती बोलत होती तेव्हा भाऊ दालो सोलत बसला होता. त्याचा सुरा थांबला, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा चालू झाला.

ब्रॉन्विन बाई चांगली होती, खोटं कशाला बोलू? दोनदा वाढून घेतलं तिने. पण हातात सतत कॅमेरा. तिला फोटो हवा होता तो शेतकऱ्याचा, आपल्याच मळ्यातल्या डुकराचा घास खाताना.

"बाबा, एकच घास," तोरिका म्हणाली. "फोटोपुरता."

भावाने वाइसेआकडे बघितलं. वाइसेआने मान वळवली आणि समुद्राकडे असा टक लावून बसला, जणू तिकडे कोणी बुडतंय. मला कळलं, तो मोकळीक देतोय. पोरीच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. भावाने डुकराचा तुकडा उचलला, तोंडापर्यंत नेला. तेवढ्यात वाइसेआ वळला. इतक्या वर्षांची सवय, राहवलं नसेल त्याला. टेबलावरून ओणवा होऊन त्याने भावाचं ताट ओढलं, हातातला तुकडाही काढून घेतला आणि सगळं तोंडात कोंबलं.

"फोटोसाठी काय मी आंधळा होऊ, मेव्हण्या?"

भाऊ खुर्चीत मागे रेलून हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. त्याला इतका खूश मी किती वर्षांनी बघत होते. ब्रॉन्विनला फोटो मिळाला तो वाइसेआचा, गाल फुगलेले आणि हनुवटीवर चरबी. वाइसेआने तिला सगळी रीत मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावून सांगितली. तिला ती इतकी आवडली, की सगळे गट तिने त्याच टेबलावर पक्के केले. पण जाता जाता तिने एक विचारलं. तोरिकाच्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाली, "ही तर त्याचीच मुलगी ना? मग हिच्या ताटात डुक्कर कसं?"

"तिला चालतं," वाइसेआ म्हणाला.

भावाचं हसू तिथेच थांबलं. आणि या वेळी तोरिकाचंही. तिला आता सगळं कळलं होतं.

दुसरी कोणी असती तर पुढच्या शनिवारी गुपचूप मासा वाढून घेतला असता. पण ही साकिउसाची पोर. तिने डुकराचा आणखी मोठा तुकडा घेतला आणि वाइसेआकडे बघत बघत खाल्ला. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. वाइसेआ दर वेळी हसून मान डोलवायचा, "खा, खा." भांडी घासताना एकदा तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "आत्या, मामा माझं ताट का नाही ओढत?"

"तुझ्या बापाला विचार."

"त्यांनाच विचारलं. म्हणाले, दमतेस फार, पोटभर खात जा."

मला त्या दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. बाप म्हणतो, तिला आतून वाटायला हवं. लेक म्हणते, मला कोणी आपलं म्हणायला हवं. आणि मधे तो वाइसेआ, ज्याला वाटतंय आपण फार मन मोठं करतोय. तोंड उघडावं तर मी शपथेत बांधलेली. असा सबंध हंगाम गेला. गट आले, जेवले, फोटो काढून गेले.

पुढच्या थंडीच्या सुरुवातीला भाऊ मळ्यात गेला तो परत आला नाही. दालोच्या वाफ्याशी बसल्या जागी गेला होता. चेहरा शांत होता, हात मातीचे. बेटावरून माणसं आली. आमच्या लोकांनी चटया आणि डुकरं आणली, समुद्राच्या लोकांनी मासे. शवपेटी खाली सोडताना वाइसेआ म्हणाला, "आता मी कोणाला नावं ठेवू?" आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला. म्हातारा ढसाढसा रडला आणि मीही.

सुतक फिटलं, तशी तोरिकाने परत जायची तयारी केली. आईचे ऑकलंडहून फोन येत होते. "बाबांसाठी आले होते," ती मला म्हणाली. "इथे आता माझं काय आहे?" मळा होता, मी होते, पण तिचा प्रश्न तो नव्हता.

तिचा शेवटचा शनिवार. पाहुण्यांना नाही म्हणून कळवलेलं, आम्ही तिघंच. भावाच्या मळ्यातलं एक डुक्कर तिने खड्ड्यात भाजलं होतं. वाइसेआने सुरमई आणली होती, एवढी मोठी, की तिघांना चार दिवस पुरली असती. भावाच्या खुर्चीवर कोणी बसलं नाही. समुद्रावर ऊन होतं. रस्त्यावरून कोणी जाता जाता हाक मारायचं, आम्ही हात हलवायचो.

तोरिकाने डुकराचा तुकडा आपल्या ताटात घेतला. सवयीने, किंवा रागाने. मला कळलं नाही. एक घास तोडला आणि तोंडाशी नेला.

वाइसेआ उठला. त्याचे गुडघे दुखतात. टेबलाचा आधार घेत घेत तो वळसा घालून तिच्यापाशी आला आणि त्याने तिच्या पुढ्यातलं ताट ओढलं. मग हात पुढे केला. तिने तो घासही त्याच्या हातावर ठेवला.

"माझ्यासमोर डुक्कर खातेस?" तो म्हणाला. "बापाने काही शिकवलं नाही वाटतं?"

"मला चालतं ना, मामा?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणालात. वर्षभर."

"म्हातारी माणसं काहीही बडबडतात. तू ऐकतेस कशाला?"

तो तिथेच, तिच्या शेजारी, भावाच्या खुर्चीवर बसला आणि खायला लागला. सावकाश, एकेक तुकडा, गालांवरून पाणी वाहत असताना. तोरिका त्याच्याकडे बघत राहिली. आधी तिचे खांदे हलले, मला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती, बापासारखं, मागे रेलून, आणि मग रडायलाही लागली. माझा भाऊ हे बघायला हवा होता. मला देवाचा राग आला, तिथल्या तिथे, जेवताना.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. "मग आता मी काय खाऊ?"

वाइसेआने तोंडातला घास गिळला आणि सुरमईचं अख्खं ताट तिच्यासमोर सरकवलं.

"ही कोणासाठी आणलीय मग?"