भिंतीकडची खुर्ची

मी एक लाकडी खुर्ची बोलतेय. दिसायला सुमार, चारांतला एक पाय आखूड, आणि तरी दर गुरुवारी माझ्यावर डोळा ठेवणाऱ्या बायका आहेत!

सुताराने मला एका शाळेसाठी घडवलं. पाय डगडगायला लागला तशी शाळेने मला अडगळीत टाकलं. तिथून डॉक्टरबाईंनी उचलून आणलं. लढाई पाहून आलेल्या, फौजेतून निवृत्त झालेल्या बायका त्यांच्याकडे मन मोकळं करायला जमतात.

पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हा खुर्च्यांचं छान रिंगण केलं. पाचजणी आल्या आणि एकेकीने आपली खुर्ची उचलून भिंतीला टेकवली. मागे भिंत, समोर दार! बसची वाट बघावी तशा सगळ्या एका रांगेत. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला, मग स्वतःच हसल्या. शेवटी ठरलं, बसायचं रिंगणातच, पण भिंतीकडची एक खुर्ची ठेवायची. ती मी.

मला पटकावलं ड्रायव्हरबाईने. तिने फौजेचे ट्रक चालवलेले. एकदा तिच्या मागचा ट्रक स्फोटात उडाला, तो तिची मैत्रीण चालवत होती. चार महिने ती माझ्यावर बसली, दाराकडे बघत, तोंडातून ब्र न काढता. त्यात माझा पाय फरशीवर टक्कन वाजला की दचकायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एक दिवस ही यायचीच बंद होईल, अशी धास्ती होती.

आणि खरंच, एकदा ती दचकून उठली ती थेट दाराकडे निघाली.

फौजेत नर्स असलेल्या ताईंनी शांतपणे पर्समधून बँडेज काढलं. "पेशंट फार आगाऊ आहे गं. एकटीला आवरत नाही. जरा पाय धर."

ड्रायव्हरबाई थबकली. परत आली, खाली बसली, माझा पाय धरला. ताई बँडेज गुंडाळत होत्या तेव्हा ती हळूच म्हणाली, "आरशात तिचा ट्रक दिसत होता. सारखी बघत होते मी. मग नुसता धूर."

त्या दिवशी ती पोटभर रडली. मला डोळे असते तर मीही रडले असते.

गेल्या महिन्यात एक नवी मुलगी आली. कोटही न काढता दारातच उभी. ड्रायव्हरबाई उठली. "ये, इथे बस. मागे भिंत आहे." स्वतः दुसरी खुर्ची ओढून दाराकडे पाठ करून बसली.

"आणि तुमच्या मागे?"

"माझ्या मागचं तू बघ. काही दिसलं तर सांग."

डॉक्टरबाई आता मला सुताराकडे धाडायचं म्हणतात. नको हो! आखूड पाय आखूडच राहू दे. त्याचं बँडेज दर गुरुवारी नव्याने बांधावं लागतं, आणि हल्ली ते ती नवी मुलगी बांधते.