पाठीची माती

लालासाहेब वस्तादांच्या तालमीची किल्ली त्यांच्या करगोट्याला होती, आणि जयराज गेल्यापासून ती तिथून सुटली नव्हती. अंघोळीला बसले तरी किल्ली अंगावर. कडेगावच्या बाजूचं उसाचं गाव ते. घरटी एक माणूस पलटणीत, आणि जो पलटणीत गेला नाही तो एकेकाळी वस्तादांच्या हौद्यात, तालमीच्या मातीत, लोळलेला. अशा गावात तालमीला कुलूप म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. जत्रेतलं कुस्त्यांचं मैदानही तेव्हापासून भरलं नव्हतं. मैदानाचे यजमान वस्ताद, आणि वस्ताद म्हणाले होते, "ज्याच्या घरात दुखवटा, त्यानं पाव्हणं बोलवायचं न्हाईत." झालं! जाणत्यांनीही त्यावर तोंड उघडलं नाही.

जयराज त्यांचा एकुलता एक. फौजेत हवालदार, आणि तालमीतला सगळ्यात हुशार पठ्ठ्या. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून त्याला आफ्रिकेत काँगोला पाठवलं. तिथली लढाई आपली नाही, वैरी आपला नाही, भांडणाऱ्यांच्या मधे नुसतं उभं राहायचं. आणि तिथं पावसात डोंगरातल्या रस्त्यावरून गाडी घसरली. गोळी नाही, बॉम्ब नाही, गाडी घसरली! गावानं जयजयकार केला, पण वस्तादांच्या मनातला काटा काही निघाला नाही. पोरगं परमुलखात गेलं ते कशासाठी गेलं, आणि त्याचं तिथं मागं काय राहिलं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

आणि दुसरा काटा त्याहून खोल. आमच्याकडं रीत आहे. मैदानात पोरगं चितपट झालं की उठून थेट आपल्या वस्तादाकडं येतं आणि पाठ करून उभं राहतं. वस्ताद आपल्या हातानं त्याच्या पाठीची माती झाडतो. झाडताना आईबापाचा उद्धार करील, पण झाडतो. हरल्याची माती पाठीवर घेऊन घरी जायचं नसतं. जयराजची पेटी आली ती बंद. उघडू नका, असं निरोपातच होतं. वस्ताद त्या लाकडावरूनच हात फिरवत बसले होते. शेवटी वजीरभाईंनी त्यांचा हात धरून बाजूला घेतलं.

वजीरभाई म्हणजे गावचे शिंपी. तालमीचे लंगोट शिवायचे ते त्यांनीच, आणि तरुणपणी वस्तादांचे जोडीदारही तेच. त्यांची मुलगी मुबश्शिरा कुपवाडला पंपांच्या कारखान्यात होती. कारखान्याचे पंप आफ्रिकेतल्या फ्रेंच बोलणाऱ्या देशांत जायचे, म्हणून ती जिद्दीनं फ्रेंच शिकली होती. रविवारी स्कूटीवरून घरी यायची, तेव्हा वजीरभाई गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आल्या बघा, मॅडम आल्या!"

अशाच एका रविवारी जयराजची बायको शिवांजली तिच्याकडं धावत आली. जयराजचा फोन ती अजून चालू ठेवायची. त्यावर कुणाचा फोन येणार होता? पण तो बंद केला की माणूस पुरतं गेलं, असं तिला वाटायचं. तर त्या फोनवर कुणीतरी बोलून पाठवलेला निरोप आला होता. भाषा कळेना, पण त्यात दोन शब्द स्वच्छ होते. जयराज, आणि वस्ताद.

संध्याकाळी सगळे लालासाहेबांच्या सोप्यात बसले आणि मुबश्शिरा त्या निरोपातलं एकेक वाक्य ऐकून सांगू लागली.

"आबा, ह्याचं नाव अमानी. काँगोतल्या गोमा गावचा हाय. म्हणतोय, जयराजनं मला कुस्ती शिकवली. छावणीच्या कुंपणाबाहेर खड्डा खणला. आमच्याकडची माती काळी, ज्वालामुखीची. ती त्यानं चाळून चाळून मऊ केली. तेल घातलं, हळद घातली. ताक मिळंना, तवा दुधाची पावडर पाण्यात कालवून घातली."

"काय घातलं?" वस्ताद एकदम म्हणाले.

"दुधाची पावडर."

वजीरभाईंना हसू आलं. "गड्या, तुझाच पोरगा तो!" ते म्हणाले. वस्तादांचा चेहरा मात्र हलला नाही.

मुबश्शिरा पुढं सांगत गेली. फ्रेंच बोलणाऱ्या देशांचे खेळ दर चार वर्षांनी भरतात. पळणं, कुस्ती, आणि त्याच्या जोडीला गाणं, नाच, चित्रं, गोष्ट सांगणं, ह्या सगळ्याची चढाओढ. यंदा यजमान काँगो. राजधानी किन्शासात मैदान बांधलंय, आणि वाळूवरच्या कुस्तीत यजमान देशाकडून अमानी उतरणार आहे. पण जयराजनं त्याला सांगून ठेवलं होतं की मोठ्या मैदानाआधी वस्तादाची आज्ञा घ्यायची. आज्ञेशिवाय लंगोट चढवायचा नाही.

"म्हणतोय, 'माझा वस्ताद न्हाई राहिला. पण तो सांगायचा, माझा वस्ताद माझा बाप. म्हणून मी तुमच्याकडं मागतो. आज्ञा द्या.'"

मग लालासाहेब उठले.

"ज्या मुलखानं माझा पोरगा खाल्ला, त्या मुलखाला मी आज्ञा देऊ? आणि तिकडं लढाई पेटलीया म्हणत्यात, आन् हे जत्रा भरवाय निघाल्यात! लाजा न्हाईत?"

आत निघून गेले. जेवलेही नाहीत.

वस्तादांच्या पुढं बोलायची गावात कुणाची टाप नव्हती. पण दोन-तीन दिवसांनी शिवांजलीच बोलली. चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला आणि उभी राहिली.

"मामा, राग धरू नका. तालमीला कुलूप तुमी लावलंय. ह्यांनी न्हाई लावलं. ह्यांनी तर जिथं गेलं तिथं तालीम काढली."

"पोरी, तू गप."

"लय दिस गप बसले. माझंबी माणूस गेलंय, मामा. त्यांचं कायतरी तिकडं जितं हाय, आन् ते तुमच्या दारात हुबं हाय. त्याला हाकलू नका."

वस्तादांनी चहा घेतला नाही. कप तसाच निवला. मग करगोट्याची गाठ सोडून त्यांनी किल्ली काढली आणि तालमीकडं चालू लागले.

कुलूप गंजलं होतं, तेल सोडावं लागलं. आत जाळी, धूळ, आणि हौद्यातली माती अशी आवळलेली की कुदळ उडावी. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण कुणाला हात लावू दिला नाही. मारुतीपुढं कापूर लावला आणि खणायला घेतलं. वजीरभाई हळद, लिंबं आणि ताकाची घागर घेऊन आले. शिवांजलीनं तेलाचा डबा आणला. दोन म्हातारे घाम गाळत मातीत पाय रोवून उभे राहिले. माती मऊ होत गेली तसा तो जुना वास उठला, आणि लालासाहेबांना भिंतीला टेकून बसावं लागलं. त्या वासात जयराज होता.

रविवारी मुबश्शिरानं तालमीतूनच फोन लावला. काचेवर तो पोरगा दिसला. काळा कुळकुळीत, रुंद छातीचा, डोळे मात्र भेदरलेले. वस्तादांना बघून त्यानं वाकून जमिनीला हात लावला. अगदी जयराज लावायचा तसा, आधी उजवा हात मातीला, मग कपाळाला. लालासाहेबांनी हौद्यातली चिमूटभर माती घेतली आणि काचेवर, त्याच्या कपाळाच्या जागी लावली.

"जा. आज्ञा हाय." मग वस्तादच ते, न राहवून पुढं म्हणाले, "आन् ध्यानात ठेव. पकडीत गावलास, अडलास, की खाली बस. हात-गुडघं टेक आन् जमीन धरून ऱ्हा. जमीन कुणाला दगा देत न्हाई. वरचा दमला की मग उठ."

पोरगा हसला. मुबश्शिरा म्हणाली, "आबा, तो म्हणतोय, जयराजबी हेच सांगायचा. ह्याच शब्दांत."

वस्तादांना त्या दिवशी भाकरी गोड लागली. खोटं कशाला बोला, चार वर्षांत पहिल्यांदा.

अधिक महिना चालू होता, पाऊस नावाला. खेळांचा कुस्तीचा दिवस आला तेव्हा निम्मं गाव तालमीत जमलं. तिकडं दुपार, इकडं दिवेलागण. मुबश्शिरानं फोन खुंटीला टांगून दिला. सगळी भरून वाहणारी गॅलरी, ढोल, रंगीबेरंगी कपड्यांतल्या बाया. "आपल्या जत्रंगतच हाय की रं," वजीरभाई म्हणाले. अमानीनं पहिली कुस्ती मारली, तालमीत शिट्ट्या. दुसरी मारली, तेव्हा तर पोरांनी पत्रा वाजवला. अंगात चपळाई, आणि पायाला हात घालून पट काढायची पद्धत जयराजची. वस्ताद मांडीवर मूठ आपटत होते.

शेवटची कुस्ती पश्चिमेकडच्या एका देशाच्या थोराड गड्याशी. बराच वेळ नुसती खडाखडी. मग त्या गड्यानं अमानीची कंबर धरली, उचलायला बघितलं, आणि अमानी अडला.

"बस खाली!" लालासाहेब ओरडले.

जणू ऐकलंच त्यानं. अमानी झटकन खाली बसला. दोन हात, दोन गुडघे वाळूत, जमीन घट्ट धरलेली. सुरेख! वस्ताद खूश होऊन मागं बघतायत तोच शिट्टी वाजली. पंचानं दुसऱ्याचा हात वर केला.

"आरं, हे काय! अजून चित कुठं झालाय? पाठ कुठं लागली? मुबश्शिरा, ह्या पंचाला काय डोळं हायत का न्हाई?"

मुबश्शिरानं फोनवरचं बोलणं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. "आबा, त्यांच्या कुस्तीत तसंच हाय. दोन्ही हात आन् दोन्ही गुडघं जमिनीला लागलं की हार. पाठ लागायची वाट बघत न्हाईत."

लालासाहेब खाली बसले. सगळी हयात ज्या एका डावावर पोरं वाचवली, जो डाव पोराला दिला, पोरानं परमुलखात नेऊन लावला, आणि आज्ञा देताना स्वतःच्या तोंडानं पुन्हा घोकून घेतला, त्याच डावानं पोरगं पडलं होतं. त्यांच्याकडचा नियम काय, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही. जमीन धरली म्हणून हार होते, असं इकडच्या वस्तादाच्या स्वप्नात तरी येईल का?

"मी पाडला त्याला," ते म्हणाले. "घरच्या मैदानात, सगळ्या पाव्हण्यांम्होरं. मी आन् माझ्या जयानं."

वजीरभाईंनी खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला. माणसं एकेक करून उठून गेली.

थोड्या वेळानं फोन वाजला. अमानी होता. मागं गलका, अंगावर घाम तसाच. डोळे रडून लाल. लालासाहेब मान वर करेनात.

"त्याला सांग, चूक माझी हाय."

मुबश्शिरानं सांगितलं. तो मोठ्यानं नाही म्हणाला, मग कितीतरी वेळ बोलत राहिला.

"आबा, तो म्हणतोय, नियम मला ठावं होता. लहानपणापासनं ठावं होता. पर अडलो तवा अंगानं वस्तादाचं ऐकलं." ती थांबली, पुन्हा ऐकलं. "म्हणतोय, जितला त्या पाव्हण्याला मीच खांद्यावर घेऊन फिरवला. यजमानानं तसं करायचं असतं, हे जयराज सांगायचा. आन् म्हणतोय, पूर्वेकडं लढाई चाललीया, तर पाव्हणं कशाला बोलावता, असं आमालाबी लय जणांनी इचारलं. माझी आई म्हणाली, दुखवट्याच्या घरातच पाव्हणं यायला पायजेत. न्हाईतर ते घर मुकं हुतं."

लालासाहेबांनी तेव्हा कुठं मान वर केली.

अमानी बोलायचा थांबला होता. त्यानं फोन कुणाच्या तरी हातात दिला, दोन पावलं मागं सरकला आणि वळला. पाठ करून, मान खाली घालून उभा राहिला.

कुणाला काही सांगावं लागलं नाही. ही रीत त्याला ज्यानं शिकवली, त्यालाच ती करून घेता आली नव्हती.

लालासाहेब उठले. फोनच्या जवळ गेले आणि बघतच राहिले. हातापायाला, गुडघ्यांना वाळू लागलेली. पण पाठ स्वच्छ. घामानं चमकणारी, रुंद, आणि वाळूचा एक कण नाही.

"मुबश्शिरा," त्यांचा आवाज फुटला, "सांग त्याला. पाठीला माती न्हाई म्हणावं. पंचानं काय बी करू दे. आमच्यात ह्याला हार म्हणत न्हाईत."

मुबश्शिरानं ते त्याला सांगितलं. शिवांजलीनं पदर तोंडाला लावला होता.

झाडायला काही नव्हतं. तरी वस्तादांनी हात पुढं केला आणि त्या काचेवरून वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. तेलकट बोटांचे पट्टे काचेवर उठले आणि ती पाठ धूसर झाली, तरी हात फिरतच होता.

"जया," ते म्हणाले, "तुझ्याबी पाठीला नव्हती रं माती. मला बघू दिलं न्हाई, पर नव्हती."

आणि पेटी आली त्या दिवशी न रडलेला तो माणूस लहान लेकरासारखा रडला.

फोन बंद झाल्यावर वजीरभाईंनी दिवे मालवले, दाराशी पडलेलं कुलूप उचललं आणि किल्लीसाठी हात पुढं केला.

"राहू दे," लालासाहेब म्हणाले. "जत्रंला मैदान भरायचं हाय. सकाळच्याला पोरं येतील, दार उघडं पायजे."

वजीरभाईंनी कुलूप कोनाड्यात ठेवलं, आणि दोघं घराकडं चालू लागले.