मेहुण्याच्या कॉम्प्युटरवरचे कॉल

माझ्या मेहुण्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस मात्र दुरुस्तीपलीकडचा. माझी बायको, म्हणजे त्याची सख्खी बहीण, अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या फोनची काच फुटली. यानं ती फुकट बदलून दिली. हा काहीतरी फुकट देतो, याचंच सगळ्यांना नवल वाटलं.

ती गेल्यावर नातेवाईक घरी जमले. तिच्या मायाळूपणाच्या गोष्टी चालल्या होत्या. मेहुणा एकदम उसळला. "माया कसली! सख्ख्या भावाला चिंधीचोर म्हणायची. म्हणे, माझ्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा विकून खाईल!"

तिच्या शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीनं कप खाली ठेवला. "हे ती फक्त मला म्हणाली होती. फोनवर. तुला कसं कळलं?"

चोरून ऐकणाऱ्यानं निदान पोटात तरी ठेवावं. याला स्वतःला बसलेली शिवीसुद्धा पचली नाही.

तिचा फोन मी दुसरीकडे तपासून घेतला. काच बदलताना यानं त्यात कॉल रेकॉर्ड करणारं ॲप घातलं होतं. तिच्या प्रत्येक कॉलची प्रत थेट याच्या कॉम्प्युटरवर जायची. कशासाठी, तर ती घर कुणाच्या नावावर करते ते कळावं म्हणून. बहीण वेदनेनं कण्हत होती आणि हा कान लावून घराची वाट बघत होता.

वकीलबाई म्हणाल्या, "गेलेल्या माणसाच्या वतीनं दावा लावणं अवघड आहे. पण कॉलवर दोघं असतात. काही कॉल तुमचे, काही मैत्रिणीचे. तुम्ही दोघं दिवाणी दावा लावा. भरपाई मागू, कुणाला ऐकवू नये म्हणून मनाई मागू, आणि सगळ्या प्रती नष्ट करायला लावू."

नोटीस मिळताच मेहुणा दारात हजर. "भावजी, घरातलं भांडण कोर्टात कशाला? दावा मागे घ्या. ताईचे सगळे कॉल पेनड्राइव्हवर देतो. तिचा आवाज दुसरीकडे कुठे मिळणार तुम्हाला?"

बहिणीचा आवाज तो जुन्या बॅटरीसारखा विकायला बसला होता. पण घाव वर्मी लागला. माझ्याकडे तिचा आवाज नाही. आम्ही सदा एकाच घरात. फोनवर आमचं बोलणं म्हणजे 'येताना साबण आणा' एवढंच.

पेनड्राइव्ह घ्यावा का, हे विचारायला मी मैत्रिणीकडे गेलो. तिनं मशीन थांबवलं नाही.

"हवं तर घ्या. मी अडवणार नाही."

"काय आहे त्यात?"

"तिनं मला सांगितलेलं आहे. तुम्हाला सांगायचं असतं तर तुम्ही शेजारच्याच खोलीत होतात."

दावा मागे घेतला नाही. निकाल आमच्या बाजूनं लागला. प्रती नष्ट करून घ्यायला कोर्टानं नेमलेला माणूस दुकानात आला. मेहुण्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. पडद्यावर फायलींची रांग होती.

"भावजी, एक तरी ऐका. तुमच्याबद्दल बोललीय."

कोर्टाचा माणूस माझ्याकडे बघत राहिला.

"तू ऐकलंस?"

"ऐकलं ना."

"तेवढा विटाळ पुरे. पूस."

मेहुण्यानं सगळं पुसलं. वर निर्लज्जपणे म्हणाला, "भरपाईचं जरा सांभाळून घ्या हं, आपण घरचेच."

मी बाहेर पडलो. ती माझ्याबद्दल काय बोलली, हे आता दोघांनाच माहीत आहे. मैत्रीण सांगणार नाही. तो सांगायला आला, तर मी दार उघडणार नाही.