वरच्या खोलीचं बटण

मित्रांनो, कुणाच्या घरी गेलात की दार उघडण्याआधी तुमचं बोट जिला लागतं, ती मी. दारावरची बेल. पितळेची, जुनी, अंगावर पाच बटणं आणि मधोमध चाळणीसारखी भोकं. ज्या खोलीचं बटण दाबलं तिथे घंटा वाजते आणि या भोकांतून आतला माणूस दारातल्याशी बोलतो. म्हणजे मला कान आहेत आणि तोंडही आहे. पाय तेवढे नाहीत, म्हणून इतकी वर्षं एकाच भिंतीला चिकटून आहे.

माझा जन्म बेल्जियममधल्या एका छोट्या कारखान्यात झाला. कारागिराने मला घासूनपुसून इतकं लखलखीत केलं की मला स्वतःचाच गर्व वाटू लागला. शेल्ड नदीकाठच्या एका शहरात, एका उंच, अरुंद घराच्या दारात मला बसवलं. घरमालक आल्फोन्स दर शनिवारी मला व्हिनेगर आणि पिठाने घासायचे, तेव्हा त्यांच्या पत्नी गोडेलीव्हबाई पायरी धूत असायच्या. येणारे-जाणारे माझं कौतुक करायचे आणि मी फुलून जायची. पुढे आल्फोन्स वारले. बाईंचा जीव पायरीवर, माझ्यावर नाही. मी हळूहळू हिरवी पडत गेले.

आता आमच्याकडची रीत सांगते. परदेशातून कुणी राहायला आला की त्याने आधी पालिकेत जाऊन पत्ता सांगायचा. मग वस्तीचा पोलीस न कळवता येतो आणि बेल वाजवतो. वर जाऊन अंथरूण बघतो, कपडे बघतो, दात घासायचा ब्रशसुद्धा बघतो. माणूस खरंच राहतो अशी त्याची खात्री पटली, तरच नाव लागतं आणि राहण्याचं कार्ड मिळतं. घर सोडतानाही नवा पत्ता सांगून आधी नाव काढून घ्यायचं. पोलीस आला आणि घरी कुणी सापडलंच नाही, तर सगळं मुसळ केरात.

वरच्या खोलीत ओतार नावाचा एक माणूस राहायला आला. तो जॉर्जिया देशातला, घरांची छपरं दुरुस्त करणारा. पालिकेत पत्ता सांगून तो पोलिसाची वाट पाहू लागला. आपण बाहेर गेलो आणि नेमका तेव्हाच पोलीस आला तर? या धास्तीने त्याने काम सोडलं. छातीत कफ भरला, तरी डॉक्टरकडे गेला नाही. शेवटी एका दुपारी पोलीस आला आणि त्याने माझं सगळ्यात वरचं बटण दाबलं.

"येतो, साहेब. थांबा हं," ओतार म्हणाला. पण त्याचा आवाज इतका खोल गेला होता की तो माझ्या भोकांबाहेर पडलाच नाही. तो जिना उतरू लागला. पोलिसाने घड्याळ पाहिलं, 'इथे राहत नाही' असं लिहिलं आणि पाठ फिरवली. मी ओरडू शकत नव्हते, मित्रांनो. मला कुणी दाबलं तरच मी वाजते. ओतार मधल्या जिन्यावर दम खायला टेकला, तो पुन्हा उठला नाही.

ती खोली पुढे कित्येक वर्षं बंद होती. तरी वरचं बटण मला कधी थंड लागलं नाही. बाकीची चार बटणं हिवाळ्यात गारठून जायची, आणि ते एक मात्र कुणीतरी नुकतंच बोट उचलावं तसं कोमट.

मग एफुआ आली. आफ्रिकेतल्या घाना देशाच्या कुमासी शहरातून, इथल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायला. तिची चिमुकली लेक आबेना मावशीकडे राहिली होती. कार्ड हातात पडलं की लेकीला बोलावता येणार, म्हणून एफुआचा सगळा जीव त्या कार्डात अडकला होता. गोडेलीव्हबाईंनी वरच्या बटणाशेजारची जुन्या नावाची चिठ्ठी न काढता तिच्यावरच एफुआचं नाव चिकटवलं. "काढत कोण बसतंय!" म्हणाल्या. हवा दमट झाली की एफुआच्या नावातून ओतारची अक्षरं वर यायची.

यास्पर नावाचा तरुण पोलीस आला. त्याने वरचं बटण दाबलं. आणि माझ्या भोकांतून, मला न विचारता, आवाज आला, "येतो, साहेब. थांबा हं." पाठोपाठ जिन्यात जड पावलं वाजली, मध्येच थांबली. माझ्या अंगावर काटा आला, म्हणजे पितळेवर येऊ शकेल तेवढा.

थोड्या वेळाने एफुआ धापा टाकत खाली आली.

"तुमचे मिस्टर कुठे थांबले?" यास्परने विचारलं.

"कोण मिस्टर? मी एकटीच असते, साहेब."

"एकट्या? मग मला थांबा म्हणालं कोण, मांजर? बाई, ही खोली एका मोठ्या माणसापुरतीच आहे, सोबत फार तर एक लहान मूल. दोन मोठी माणसं राहत असतील तर नाव लागणार नाही. मी पुन्हा येईन. तेव्हा खरं सांगा."

एफुआच्या तोंडचं पाणी पळालं. ती तडक गोडेलीव्हबाईंकडे गेली. बाई पायरी घासत होत्या.

"वर माझ्याआधी कोण होतं, बाई?"

"होता एक. चांगला होता गं बिचारा. पोलिसाची वाट बघता बघता जिन्यातच गेला." बाईंनी ब्रश खाली ठेवला. "काय झालं? दिसला का तुला?"

"दिसला नाही. बोलला."

"अगं बाई!" म्हणत बाई त्या ओल्या पायरीवरच बसल्या.

दुसरी कुणी असती तर त्याच दिवशी सामान बांधून निघाली असती. एफुआ घाबरली होती, पण जाणार कुठे? दुसरी खोली म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा वाट पाहणं, आणि तिकडे आबेना रोज फोनवर विचारणार, मी कधी येऊ?

यास्पर पुन्हा आला, तेव्हा एफुआ दारातच उभी होती. हातात पाण्याने भरलेला पेला.

"दाबा बटण, साहेब. मी इथेच आहे, तुमच्यासमोर."

त्याने दाबलं. "येतो, साहेब. थांबा हं." पावलं उतरू लागली आणि मधल्या जिन्यावर थांबली. यास्परचा चेहरा पांढराफटक पडला. एफुआने पेला खालच्या पायरीवर ठेवला.

"आमच्याकडे आलेल्याला आधी पाणी देतात, मग कामाचं विचारतात," ती म्हणाली. "घे, दादा. पाणी पी आणि सांग, काय काम आहे तुझं?"

पावलं पुन्हा वाजली, अगदी खालपर्यंत आली. पेला जागचा हलला नाही, पण त्यातलं पाणी हळूहळू कमी झालं.

"साहेबांनी बघायचं होतं," माझ्या भोकांतून आवाज आला. "मी राहतो की नाही ते."

यास्पर कुजबुजला, "बाई, मी हो म्हटलं तर खोलीत एक नाव झालं. मग तुमचं कुठे लावू?"

एफुआने डोळे मिटले. तिला लेक आठवली असणार, मला तरी दुसरं काही वाटलं नाही. मग ती म्हणाली, "तो आधी आलाय, साहेब. आधी त्याचं बघा."

यास्परने टोपी काढली. "नाव?"

"ओतार."

"झोपता कुठे?"

"खिडकीपाशी. भिंतीला ओल आहे, म्हणून."

"बरं. मी पाहिलं. तुम्ही इथे राहता."

माझ्या पाचही बटणांतून एक लांब उसासा गेला.

"मग आता नाव काढा, साहेब. मी निघतो."

"इतकी वर्षं का नाही निघालात?"

"राहतच नाही असं लिहिलं होतं ना तुम्ही लोकांनी? मग निघणार कुठून?"

यास्परने टोपी काखेत धरून पेन काढलं. त्याने विचारलं, "नवा पत्ता?"

"घरी. जॉर्जियात, कुताईसीला."

दोघांच्या मधून थंड हवा गेली. एफुआचा रुमाल उडाला, गल्लीत पावलं वाजली आणि विरून गेली. वरचं बटण गार पडलं, इतर चारांसारखं.

यास्पर वर गेला. अंथरूण पाहिलं, ब्रश पाहिला, भिंतीवरचा आबेनाचा फोटोही पाहिला. एफुआचं नाव लागलं. वसंतात आबेना आली. तिचा हात वरच्या बटणाला पुरत नाही, म्हणून ती खालचंच दाबते, आणि गोडेलीव्हबाई आतून कातावतात.

मित्रांनो, मला घासा, चमकवा असं मी म्हणणार नाही. हिरवी पडलेली बेलही वाजते. मागणं एवढंच आहे, कुणाची बेल वाजवलीत तर लगेच पाठ फिरवू नका. आतला माणूस म्हातारा असेल, आजारी असेल, परक्या मुलखातून आलेला असेल. त्याला उतरायला वेळ लागतो. तुम्ही निघून गेलात, तरी तो उतरतच राहतो.