सोड्यात उकळलेली गोधडी

रुपाली दारव्ह्याहून फुलं आणि मेणबत्त्या घेऊन परतली, तेव्हा अंगणात हंसाआत्या दगडावर मोगरीनं काहीतरी बडवत होती. त्याचा हिरवा काठ रुपालीनं फाटकातूनच ओळखला. आईचं लुगडं. आईची गोधडी.

"आत्या! ही मी पेटीत ठेवली होती!"

"मंग? उद्या तुह्या मायचं पुण्यानुमोदन. दुखण्यातलं पांघरुण असं न धुता ठेवते का कोणी? सोड्यात चांगली खदखदा उकळली. पाह्य, कशी निर्मळ निघाली!"

निर्मळ निघाली होती, पण निम्मी झाली होती. आतला भर आक्रसून घोंगडीसारखा घट्ट बसला होता. वरचं सुती लुगडं तेवढंच राहिल्यामुळे जागोजागी फुगलं होतं आणि आईचे टाके सैल होऊन लोंबत होते.

आत लोकर होती. बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षी वावरात मेंढ्या बसल्या होत्या. आईनं मेंढपाळाच्या बाईकडून लोकर घेतली आणि भर दुपारी दार लावून दोघी मायलेकींनी ती हातानं पिंजली. "कोनाले सांगू नको," आई म्हणाली होती, "कापूसवाल्याच्या घरी गोधडीत भराले कापूस नाही म्हनून हासतीन लोकं." पुढे गोधडी धुवायचीही आईच, एकटी. गार पाण्यात नुसती दाबायची, पिळायची नाही, सावलीत बाजेवर पसरायची. आत्यानं जन्मभर कापसाच्या गोधड्या धुतल्या होत्या, तशीच हीही धुतली. रागवायचं तरी कुणावर? जिच्यावर रागवावं तिचा फोटो आत हार घालायला पुसून ठेवला होता.

भाऊ राजदीप बाहेर आला. "कायले चिडून राह्यली बाई? टाके उसव, नवीन भर टाक. घरात आढ्यापर्यंत कापूस पडून आहे. कोन इचारते त्याले!"

आत्यानं लगेच ब्लेड आणलं.

"टाके नको!" रुपाली ओरडली. "टाकेच तर ठेवायचेत मला."

"टाके ठेवून भर कसा काढतं? शिकलेली ना तू, सांग," आत्या म्हणाली.

उसवली तर नुसतं लुगडं हाती राहणार होतं, नाही उसवली तर हा गोळा. रुपालीनं आत्याच्या हातातलं ब्लेड काढून घेतलं.

"लोकर होती आत्या. कापूस नव्हता."

आत्या बघतच राहिली. "आपल्या घरात? मले नाही सांगतलं कौसल्यानं?"

"कुणालाच नाही सांगितलं."

"तुले सांगतलं ना." आत्याचा आवाज बारीक झाला. "एका चुलीवर जिंदगी काढली आमी." मग एकाएकी तिनं गोधडीचं एक टोक धरलं. "वली आहे तवरच वाढन. धर तिकून!"

दोघी ओढू लागल्या. गोधडी वीतभर लांबली. हात ढिले केले की पुन्हा आत गेली.

"वढ ना जोरानं! जेवली नाहीस का?"

रुपालीनं टाच रोवून ओढलं. टच्कन एक टाका तुटला. लगेच दुसरा.

"सोड आत्या. राहू दे."

"वाढून राह्यली, वाढून राह्यली," आत्या म्हणत होती. तिचे डोळे वाहत होते आणि मूठ काही सुटत नव्हती. तिसरा टाका ताणलेला दिसला, तेव्हा रुपालीनंच आपलं टोक सोडून दिलं.