काटा सदोष

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं लोकांचे काटे तपासले. वजनमापे निरीक्षक होते ना! बाजारात नुसतं पाऊल टाकलं की दुकानदारांची पाचावर धारण बसायची. पारड्याखाली चिकटवलेलं शिसं असो की मुद्दाम तिरपा ठेवलेला काटा, ह्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. शंका आली की एकच वाक्य, "कुठेतरी पाणी मुरतंय." आणि मुरत असायचंच.

निवृत्तीनंतर ते पाणी ह्यांच्याच अंगात मुरायला लागलं. दैव तरी किती चेष्टेखोर असावं!

अकरा दिवस दवाखान्यात काढल्यावर घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. हृदय दमलंय, त्याचा जोर कमी पडतो, मग पाणी अंगात साठतं. पाय सुजतात, धाप लागते. पण सगळ्यात आधी कळतं ते वजनावरून. म्हणून रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करायचं आणि वहीत लिहायचं. "तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर वाट बघायची नाही. लगेच फोन. बहुतेक पुन्हा दाखलच करावं लागेल."

"तुम्ही योग्य माणसाला काम दिलंत," हे म्हणाले. बाईंना काय ठाऊक, कोणाच्या हातात काय दिलंय ते!

काटा घ्यायला गेलो तेव्हा ह्यांनी दुकानात सात काटे उघडायला लावले. विक्रेता रडकुंडीला आला. घरी आणल्यावर पाणसळ लावून फरशी सपाट आहे का ते तपासलं. ऑफिसातल्या लोकांनी निरोपाला पितळी वजनांची पेटी दिली होती, ती काढून खात्री केली. मग वही सुरू. अडुसष्ट पूर्णांक दोन. अडुसष्ट पूर्णांक एक. प्यायचं पाणीसुद्धा मापाच्या भांड्यात, डोळा रेषेसमोर आणून. डॉक्टरीणबाई वही बघून म्हणाल्या, "असा पेशंट मी पाहिला नाही." हे आठवडाभर ताठ मानेने फिरले.

मी शिवणकाम करते. म्हणजे घरात दोघंही मापावर जगणारे. भांडणं तेवढी बेमाप.

एका गुरुवारी काट्याने एकोणसत्तर पूर्णांक चार दाखवलं. हे उतरले, पुन्हा चढले. तेच. शुक्रवारी सत्तर पूर्णांक तीन.

"अहो, दोन किलो वर गेलं," मी म्हटलं. "फोन लावू?"

"थांब. काटा चढा दाखवतोय."

पितळी वजनं आली. पाच किलो ठेवले, काट्याने पाच दाखवले. दहा ठेवले, दहा. मला वाटलं, झालं, आता तरी मानतील. कसलं काय! "खाली बरोबर, वर चूक," हे म्हणाले. "जुनी खोड आहे ही काट्यांची." वहीत लिहिलं, 'काटा सदोष. नोंद अमान्य.' खाली सही, तारीख. मग काट्यावर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावरही सही केली आणि काटा कपाटावर टाकला.

आमच्या घरात आमचाच काटा जप्त! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मी ओरडले. "पाय बघा तुमचे! मोज्याची खाच पडलीये बोटभर खोल."

"मोजे घट्ट आहेत."

"आणि पँट? बटण लागत नाहीये."

"तू शिवतानाच कमी धरलीस."

अठ्ठावीस वर्षांत माझं माप चुकलं नव्हतं, ते त्या दिवशी चुकलं. मी फोन उचलला तर ह्यांनी हात आडवा घातला. "पुराव्याशिवाय तक्रार करायची नाही. केलीस तर मी जाणार नाही, सांगून ठेवतो." आणि मी मूर्ख, थांबले. एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी हे हलत नाहीत, हे मला ठाऊक होतं ना!

शनिवारी टेपने घोटा मोजला, साडेचोवीस सेंटिमीटर. रविवारी साडेपंचवीस. हे म्हणाले, टेप ताणली गेलीये. एका उशीवर झोपणारा माणूस तीन उशांवर आला. म्हणे वाचायला बरं पडतं. एका दमात अख्खा कायदा म्हणून दाखवणारा माणूस तीन शब्दांनंतर थांबायला लागला. मी घाबरले होते. घाबरले की मी भांडते, दुसरं काही येतच नाही मला. शुक्रवार, शनिवार, रविवार नुसती तोंडाची तोफ. सोमवारी मी अबोला धरला, चहासुद्धा न बोलता आदळला.

मंगळवारी सकाळी मला सुचलं. आमच्या खाली वाण्याचं दुकान आहे. त्याच्याकडे पोती तोलायचा मोठा काटा आहे. पूर्वी ह्यांनी त्याचा जुना काटा जप्त केला होता आणि हा नवा स्वतः तपासून, शिक्का मारून पास केला होता. दर वर्षी पडताळणीही ह्यांचीच.

"त्या काट्यावर तरी विश्वास आहे ना?" मी विचारलं. चोवीस तासांनी तोंड उघडलं होतं.

हे उठले. चौदा पायऱ्या उतरायच्या, तर दोनदा थांबले. दुसऱ्यांदा भिंतीला टेकून म्हणाले, "भिंतीचा रंग... उडालाय."

वाणी गल्ल्यावरून उठून धावत आला. "या साहेब! आज तपासणी?"

"हो," मी म्हटलं, "साहेबांचीच."

वाण्याने पोतं बाजूला सरकवलं. हे काट्याशी आले. शून्य बघून घेतलं, चारी कोपऱ्यांवर पाय दाबून पाहिला. सवय मोडत नाही. मग वर चढले. काटा स्थिर झाला. बहात्तर पूर्णांक एक.

वाण्याने हळूच विचारलं, "पुन्हा तोलू का, साहेब?"

"नको." ह्यांनी काट्यावरच्या शिक्क्याकडे पाहिलं. "बरोबर आहे."

"साहेब, रागावू नका," ह्यांच्या सुजलेल्या पायांकडे बघत वाणी म्हणाला. एवढी वर्षं मनात ठेवलेलं वाक्य त्याला आत्ताच बोलायचं होतं, पण आवाजात टोमणा नव्हता. "तुम्हीच मला दम दिला होता, ओला माल तोलून विकायचा नाही म्हणून."

हे हसायला गेले आणि धाप लागली. वाण्याने स्वतःची खुर्ची दिली. मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ताबडतोब घेऊन या. मग माझ्यावर ओरडल्या, शुक्रवारी काय करत होतात म्हणून.

टॅक्सीत ह्यांना पुढे वाकवून बसवलं. मागे टेकलं की श्वास अडत होता. अर्ध्या वाटेत म्हणाले, "मला... कळलं होतं. शुक्रवारीच."

"काय?"

"काटा बरोबर होता."

माझा हात उठायचाच बाकी होता. "अहो, मग तो सगळा तमाशा कशाला? पट्ट्या, सह्या? एवढ्यात जीव गेला असता म्हणजे?"

"मागच्या वेळी... अकरा दिवस ठेवलं होतं. या वेळी परत... येतो की नाही..." श्वास घेतला. "एकतीस वर्षांत खोटा काटा पास केला नाही. खरा काटा... नापास केला नाही. एकदाच केला. लाच घेऊन."

"कसली लाच?"

"चार दिवस," हे म्हणाले. "घरात. तुझ्याबरोबर."

मी ड्रायव्हरला म्हटलं, जरा जोरात घ्या. मग खिडकीकडे तोंड वळवलं. ते चार दिवस मी ह्यांना कसे दिले होते? तीन दिवस भांडून आणि एक दिवस अबोला धरून.